घोयरा राहील

मोहाटोल्यात लाईट गेली की लोक आधी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीकडे बघत नाहीत, रश्मीच्या दाराकडे बघतात. इटियाडोह धरणाच्या कालव्याला लागून असलेल्या या गावात आणि आजूबाजूच्या टोल्या-वस्त्यांवर तिला 'लाईनमन बाई' म्हणतात. वीज कंपनीत ती तंत्रज्ञ आहे, पण तो शब्द इकडे कोणाच्या तोंडात बसला नाही.

तिचं माहेर सालेकसाकडचं, कचारगडच्या वाटेवरचं. गोंदियाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पहिल्या दिवशी सरांनी तिला शिवणकामाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे सर, तिकडूनच आली. तिथली ट्यूबलाईट बंद आहे." आणि बाकावर बसली. पुढे नोकरी लागली, लग्न झालं. नवरा गजेंद्र हार्वेस्टर चालवतो. धान कापणीच्या हंगामात तो आधी छत्तीसगडात आणि मग जिथे काम मिळेल तिथे. घरी सासरे बकाराम आणि सासू रुख्माबाई. सासरच्या गावात ती पहिल्यांदा खांबावर चढली तेव्हा अख्खा चौक गोळा झाला होता. खालून एका म्हाताऱ्याने विचारलं, "सुनेच्या डोक्यावर पदर नाही काय?" वरून उत्तर आलं, "हेल्मेट आहे जी."

मे महिन्यात पावसाळ्याआधीची कामं निघतात. तारांना टेकलेल्या फांद्या छाटायच्या, सैल जोड आवळायचे. त्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर लाईन बंद करून रश्मी शिडीवर उभी होती आणि बांबूला बांधलेल्या कोयत्याने बाभळीची फांदी ओढत होती. खाली ठेकेदाराचे दोन मजूर होते. फांदी कडाडून खाली आली आणि ते दोघे ठेच लागल्यासारखे मागे सरले.

फांदीवर वीतभर हिरवं जनावर होतं. शेपटी गुंडाळलेली, पुढचा एक पाय लोंबत असलेला. इकडे त्याला, म्हणजे रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनला, घोयरा म्हणतात. साधा सरडा लोकांना चालतो, घोयरा चालत नाही. तो थुंकला तर अंग सुजतं, त्याची नजर पडली तर माणूस वाळत जातो, असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. एका मजुराने दगड उचलला.

रश्मी शिडीवरून उतरली. "दगड खाली ठेव."

"बाई, जहरी असते हा."

"तुले कोणं सांगतलं?"

"सगळेच सांगतात."

"सगळे तं हेही सांगत होते का बाईच्या हातून फ्यूज बसत नाही," ती म्हणाली आणि फांदीजवळ जाऊन बसली.

घोयऱ्याने अंग फुगवलं. हिरव्याचा काळपट झाला, अंगावर डाग उमटले. तोंड उघडून त्याने साप फुसकारतो तसा आवाज काढला. त्याचा एक डोळा दगडवाल्यावर होता आणि दुसरा रश्मीवर. पाय मोडलेला, पळायला जागा नाही, समोर तीन धडधाकट माणसं, आणि हा त्यांनाच धमकावत होता. रश्मीला हसू आलं. मग लोंबणाऱ्या पायाकडे बघून ते थांबलं. पाय कोयता लागून गेला की पडून मोडला, कळायला मार्ग नव्हता. फांदी मात्र तिनेच तोडली होती.

रबरी हातमोजे घालून तिने तो डहाळीसकट उचलला, पिशवीतले पाने-पकडी बाहेर काढून दुचाकीच्या डिक्कीत टाकले आणि पिशवीत घोयरा ठेवला. मजूर त्या दिवशी तिच्यापासून दहा पावलं लांब बसून जेवले.

घरी रुख्माबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. पिशवीतून काय निघालं ते बघून सूप त्यांच्या हातातून सुटलं.

"घरात नाही आणाचा," त्या म्हणाल्या.

"घरात नाही आणत, आई. आंगणातच ठेवीन."

"आंगण का घराच्या बाहेर आहे?"

अंगणात जास्वंदीचं मोठं झाड होतं. रश्मीने जुनी मच्छरदाणी काढली, चार काठ्या रोवल्या आणि झाडाभोवती मच्छरदाणी बांधून टाकली. घोयरा एक-एक पाय थरथरवत फांदीवर चढला, मोडका पाय पोटाशी धरून बसला आणि पुन्हा एकदा तिच्यावर फुसकारला.

तिने याआधी काही पाळलेलं नव्हतं. माहेरी कोंबड्या होत्या, पण कोंबड्यांना कोणी पाळलं म्हणत नाही. तिने वाटीत पाणी ठेवलं, भात ठेवला, टमाटर चिरून ठेवलं, मेलेल्या माशा कागदावर मांडल्या. घोयऱ्याने कशाकडे पाहिलं नाही. दिवसागणिक त्याचे डोळे आत गेले आणि कातडी सैल पडली. जनावरांच्या दवाखान्यातला दुधराम तिच्या ओळखीचा. तो आला, लांबूनच वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाय आपोआप जुळन, वाकडा जुळन. बाकी मी गाई-म्हशीचा माणूस, बाई. याचं मले काही समजत नाही."

वनरक्षक जागेश्वरलाही तिने स्वतःच फोन करून बोलावलं. तो मच्छरदाणीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हा पाळता येत नाही, मॅडम. वन्यजीव आहे. कायद्यात बसत नाही."

"तं घेऊन जा."

जागेश्वरने डोकं खाजवलं. "कोठं नेऊ? आमच्याकडचा पिंजरा बिबट्याचा आहे. हा त्याच्या गजातून सरळ चालत जाईल." त्याने साहेबांना फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला आणि परत आला. "पाय बरा होतपर्यंत राहू द्या म्हणतात. बरा झाला का जाळी काढाची. मी येऊन पाहत जाईन. पण पाळला असं कोणाले सांगू नका."

"नाही सांगत. तो तरी कुठं पाळला जाऊन राहिला?"

पाण्याचं कोडं तिचं तिलाच उलगडलं. संध्याकाळी ड्युटीवरून येऊन ती जास्वंदीवर पाणी शिंपडत होती. पानांवरून थेंब ओघळले तसा घोयरा मान लांबवून पुढे सरकला आणि पानाच्या टोकावरचा थेंब त्याने तोंडात घेतला. मग दुसरा, मग तिसरा. वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रश्मीने आरोग्य उपकेंद्रातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी मागून आणली, उकळत्या पाण्याने धुतली, साधं पाणी भरून झाडाच्या शेंड्याला टांगली. नळीवरचं चाक फिरवून थेंब असा लावला की पानावर पडायचा, थांबायचा, मग दुसरा पडायचा. गावात बोभाटा झाला की लाईनमन बाईने घोयऱ्याला सलाईन लावली. पाणी भरायला जाणाऱ्या बाया वाट वाकडी करून बघून जाऊ लागल्या.

खाणं जिवंत लागायचं, हलणारं लागायचं. म्हणून ड्युटी संपली की रश्मी त्याच कपड्यांत उन्हाळी धानाच्या बांधावर नाकतोडे पकडत धावायची. बांधावरचे लोक हसायचे. ती हसणाऱ्यांनाच म्हणायची, "नुसते उभे काऊन आहात? तुमच्या पायाशी एक बसला आहे, धरा तो." एक-दोघांनी धरूनही दिले. पहिला नाकतोडा तिने जाळीत सोडला तेव्हा घोयऱ्याचे दोन्ही डोळे, जे कधी एका दिशेला नसायचे, एकदम पुढे वळले. जीभ निघाली कधी आणि आत गेली कधी ते तिला दिसलंच नाही. फांदीवर नाकतोडा नव्हता आणि घोयऱ्याचं तोंड चालू होतं. तिने रात्री गजेंद्रला फोनवर हे तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या जेवणाचं कधी एवढं पाहिलं नाही तू."

पावसाळ्यात वीज पडून गावची डीपी जळाली. नवी वरच्या ऑफिसातून यायला वेळ लागत होता. गाव अंधारात, पाण्याच्या मोटारी बंद, किराणा दुकानदार मुन्नाच्या फ्रीजमधलं सगळं वितळलेलं. मुन्ना चार-पाच माणसं घेऊन अंगणात आला. रश्मी जाळीपाशीच उभी होती.

"मॅडम, गावाचं म्हणणं आहे," मुन्नाने सुरुवात केली.

"गावाचं का तुमचं?"

"ये जब से आया है, तब से गावात काही ना काही होऊन राहिलं. आता डीपी गेली. लोक म्हणतात याले मारून टाका, नाही तं दूर जंगलात नेऊन सोडा."

"जंगलात सोडला तं डीपी जुळन का?"

मागचा एक जण पुटपुटला की बाईशी वाद नको, हीच चिडली तर लाईट कोण लावणार.

रश्मीने ते ऐकलं. "ते मनात आणू नका, भाऊ. नवी डीपी आली का मी लावून देईन. पाऊस असो का चिखल, तुमच्या सगळ्यांच्या घरची लाईट मी लावीन. ते माझं काम आहे." तिने मच्छरदाणीची सुटलेली गाठ बांधली. "घोयरा राहील. हे माझं घर आहे."

माणसं गेली. बकाराम दारात उभे होते. ते म्हणाले, "घर माझ्या नावावर आहे."

"माहीत आहे, मामाजी."

"हं," ते म्हणाले आणि जेवायला आत गेले.

नवी डीपी ट्रॅक्टरवरून आली त्या दिवशी रश्मी गुडघाभर चिखलात संध्याकाळपर्यंत राबली. दिवे लागले. आभार कोणी मानले नाहीत, तिने वाटही पाहिली नाही. घरी येऊन तिने आधी बाटलीत पाणी भरलं.

पाय जुळला, वाकडाच जुळला. जागेश्वर येऊन बघून गेला आणि तिने जाळी वर उचलून टाकली. घोयरा दोन दिवस तिथेच बसून राहिला, मग कुंपणाच्या बाभळीवर गेला. पण पाणी प्यायला जास्वंदीवर यायचा. मनात आलं तर दिवसभर थांबायचा, नाही तर दिसायचाही नाही. कधीतरी कुंपणावर दुसराही एक घोयरा दिसला. इतके महिने झाले तरी रश्मी जवळ गेली की हा फुगायचा आणि फुसकारायचा. माणसाळला तो कधीच नाही. रुख्माबाई म्हणायच्या, "एवढं करतेस, तरी तुले फुसकारते." रश्मी म्हणायची, "मले आवडते ते."

दिवाळीच्या सुमारास नणंद आचल बाळंतपणासाठी माहेरी आली. आता रुख्माबाईंनी कंबर कसली. गर्भारशीच्या नजरेला घोयरा पडला तर पोरावर उतरतं, असं त्या मानत. त्यांनी ओट्यावर जास्वंदीच्या बाजूने जुनं लुगडं आडवं बांधलं आणि रश्मीला सांगितलं, "पोरगी मोकळी होतपर्यंत तरी याले हाकल."

"तो आता मोकळा आहे, आई. जाऊन राहिला तं मी अडवत नाही. पण मी हाकलणार नाही."

"माझ्या पोरीचं काही झालं तं?"

"तं मले बोला. घोयऱ्याले नका बोलू."

लुगड्याआड खाटेवर पडून आचल कंटाळली. आधी तीही भीत होती. पण दुपारी आई डोळा लागून पडली की ती लुगड्याचा काठ बोटाने सारून बघायची. काही दिवसांनी काठ सारायचीही गरज उरली नाही. तिने ते लुगडं काढून, घडी करून उशाला घेतलं. रुख्माबाई ओरडल्या, आचल म्हणाली, "गर्मी होते वं माय."

त्याच दिवसांत घोयऱ्याचं काहीतरी बिघडलं. तो नाकतोड्याकडे बघेना. पोट एका बाजूला गाठीगाठींनी फुगलेलं, अंगावर पिवळे ठिपके. जो कधी जमिनीवर उतरत नसे तो खाली येऊन माती उकरू लागला. थोडं उकरायचा, सोडून द्यायचा, दुसरीकडे उकरायचा, थकून परत झाडावर. दुधराम म्हणाला पोटात काही अडकलं असेल, आपल्याच्याने होत नाही. गजेंद्र फोनवर म्हणाला, "जाऊ दे आता, जनावरच आहे." रश्मीने फोन ठेवून दिला आणि ओट्याच्या कडेला डोकं धरून बसली.

खाटेवरून आचल म्हणाली, "वयनी, तो बिमार नाही."

"मंग?"

"मी का करून राहिली सकाळपासून? या कुशीवर नाही, त्या कुशीवर नाही. जेवण नको. उठून इकडं, उठून तिकडं." ती पोटावर हात ठेवून उठून बसली. "त्याले जागा पाहिजे. आणि तो तो नाही, ती आहे."

रश्मी उठली आणि तिने फावडं घेतलं. अंगणातली माती वर्षानुवर्षं सारवून, चोपून दगड झालेली. तिने जास्वंदीच्या पलीकडे कुंपणालगत हातभर खोल माती खणून भुसभुशीत केली, रेती मिसळली, पाणी शिंपडलं, आणि मागे सरून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली. उन्हं वर आली तशी घोयरी खाली उतरली, ओल्या मातीवर थांबली, दोन्ही डोळे चहूकडे फिरवले आणि उकरायला लागली. वाकड्या पायाने माती नीट सरकत नव्हती, तरी थांबली नाही. दुपार कलेपर्यंत शेपटीचं टोक तेवढं बाहेर राहिलं. संध्याकाळी ती वर आली तेव्हा पोट पाठीला लागलं होतं. तिने माती आत लोटली, पायांनी दाबली, आणि लटपटत झाडावर गेली. थेंबाखाली बसून ती बराच वेळ पीत राहिली. ओट्यावर आचल आणि रश्मी बसल्या होत्या. रुख्माबाई मागे तांदूळ निवडत होत्या, पण ताटातल्या तांदळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आचलला मुलगी झाली. बाळ नीट, बाळंतीण नीट. आता बारशाच्या आधी अंगण सिमेंटचं करायचं, हे बकारामांनी आधीच ठरवलं होतं. रेती आली, गिट्टी आली. रश्मी ड्युटीवरून परतली तर मिस्त्री अंगणभर दोरी ताणून उभा, आणि दोरी बरोबर त्या भुसभुशीत जागेवरून गेलेली.

गाडी उभी करून ती त्या जागेपाशी जाऊन उभी राहिली. "दोरी इकडून घ्या."

मिस्त्रीने बकारामांकडे पाहिलं.

रुख्माबाई पुढे आल्या. "नातीच्या बारशाले लोक येतीन. मधात मातीचा खड्डा ठेवतेस का?"

"हो."

"घोयऱ्याच्या अंड्यापायी?"

"हो, अंड्यापायी. बाकी सगळं आंगण घाला. ही जागा मातीच राहील."

"लोक विचारतीन तं काय सांगू मी?"

"सांगा का सून ऐकत नाही."

मिस्त्री दोरी धरून उभाच. रश्मी हेल्मेटसुद्धा न काढता उभी. सिमेंटच्या मालाला पाणी घालून झालेलं, तो आवळायच्या आत टाकायला हवा होता. शेवटी बकाराम म्हणाले, "सरकव ना दोरी."

"किती?"

"तिले विचार."

अशा रीतीने मोहाटोल्यातल्या त्या अंगणाला एका कोपऱ्यात मातीची चौकट राहिली. बारशाला आलेल्या बायका तिथे अडखळल्या. मुन्नाने जेवताना विचारलं, इथे काय सोडलं आहे. रुख्माबाई त्याच्या पानात भात वाढत म्हणाल्या, "सून ऐकत नाही." आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

थंडी वाढली तशी घोयरी दिसेनाशी झाली. रश्मीने कुंपण पाहिलं, बाभळी पाहिल्या, कालव्याची बाजू पाहिली. ती गेली की कोणी खाल्ली, ते समजलं नाही. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण बाटली तिने उन्हाळ्यापर्यंत टांगलेलीच ठेवली आणि कोणी कारण विचारलं तर झाडाला पाणी लागतं, असं सांगितलं. अंड्यांबद्दल लोक चिडवत राहिले. कधी निघतील हे तिलाही माहीत नव्हतं. तिने चौकटीभोवती तारेची जाळी ठोकली आणि चिडवणाऱ्यांना एकच उत्तर दिलं, "वेळ लागते."

पावसाळ्याच्या तोंडावर, धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या दिवसांत एका सकाळी जास्वंदीच्या खालच्या फांदीवर काहीतरी हललं. आगकाडीएवढा जीव होता, मातकट रंगाचा. रश्मीने बोट पुढे केलं तर त्याने एवढंसं तोंड उघडलं आणि फुगला. आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता, पण रश्मीला ओळख पटली. मग आणखी दिसले, पानाआड, जाळीवर, एक तर सिमेंटवरून थरथरत चाललेला. काही कोंबड्यांनी खाल्ले, काही कावळ्यांनी. उरले ते कुंपणात गेले. जागेश्वर येऊन फोटो काढून गेला आणि म्हणाला, "आता मात्र पाळले म्हणू नका." ती म्हणाली, "मी कधी म्हटलं?"

गावाची भीती गेली असं नाही. रुख्माबाई आजही घोयरा दिसला की तोंड फिरवतात. पण दगड उचलणारे कमी झाले, कारण गावात दिसणारा प्रत्येक घोयरा आता रश्मीचा समजला जातो आणि रश्मीशी तोंड लावायची कोणाची तयारी नसते. मुन्नाच्या दुकानाच्या शटरवर एक चढला तेव्हा त्याने फोन करून सांगितलं, तुमचा आला आहे, घेऊन जा. ती म्हणाली, "माझा नाही. त्याचा तो आहे. राहू द्या."

यंदा धान निसवण्याच्या, लोंब्या बाहेर पडण्याच्या सुमारास ती वीज उपकेंद्राच्या पायरीवर डबा खात होती. अनोळखी नंबर वाजला. पलीकडच्या टोल्यावरून दबक्या आवाजात एक बाई बोलत होती.

"लाईनमन बाई बोलता का? आमच्या घरामागच्या वाडीत घोयरा निघाला. आमचे हे काठी घेऊन उभे आहेत."

"त्यांचं नाव काय?"

"दसरू."

"त्यांच्या कानाले फोन लावा."

"ते कोणाचं ऐकत नाहीत जी."

"लावा तं."

खरखर झाली. पलीकडे एका पुरुषाचा तुटक आवाज आला, "हां, कोण?"

रश्मीने डब्याचं झाकण लावलं. "मी रश्मी बोलून राहिली, दसरूभाऊ. मले एवढं सांगा, त्यानं तुमचं काय केलं?"